चारशे एकोणसत्तरच्या पुढे

वय एकोणतीस, एम.टेक. पूर्ण, पुण्यात सलग तीन वर्षांची नोकरी, लग्न अजून व्हायचंय. आयईएलटीएसमध्ये ऐकण्याला ८, वाचन, लेखन आणि बोलणं यांना प्रत्येकी ७. कॅनडाच्या कायम रहिवासासाठीच्या (पीआर) एक्स्प्रेस एन्ट्रीत अशा उमेदवाराचे गुण मांडले तर वयाचे ११०, शिक्षणाचे १३५, भाषेचे १२४ आणि या गोष्टी एकमेकींना पूरक ठरल्याबद्दलचे, म्हणजे जुळणीचे, १०० असे मिळून ४६९ होतात. आपल्या घरांमध्ये असा मुलगा किंवा मुलगी म्हणजे कौतुकाचा विषय. तरीही २०२५ मध्ये, कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठी निमंत्रणांचे जे ड्रॉ निघाले त्यांतला एकही ५०० च्या खाली उतरला नाही. सगळ्यांना खुला असलेला ड्रॉ तर २०२४ च्या एप्रिलनंतर २०२५ संपेपर्यंत निघालाच नाही. म्हणजे सगळे रकाने भरूनही ४६९ वर माणूस थांबतो, आणि 'माझं चुकलं कुठे?' हा प्रश्न घेऊन बसतो.

बहुतेकदा त्याचं काही चुकलेलं नसतं. त्याने रांगेला परीक्षा समजलेलं असतं. पस्तीस टक्क्यांना पास होण्याची सवय असलेल्या मनाला इथे ठरावीक गुण मिळाले की काम झालं असं वाटतं. इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड पाहिलेल्या पालकांना मात्र ही गोष्ट लवकर कळते: कटऑफ कोणी आधी ठरवत नाही, तो त्या फेरीत कोण कोण आहे यावरून पडतो. फरक एवढाच की कॅपमध्ये कुठल्या कॉलेजात किती जागा हे आधी माहीत असतं. इथे किती जागा आणि कोणत्या प्रकारच्या, हे कॅनडाचं सरकार दर ड्रॉच्या वेळी ठरवतं. १३ फेब्रुवारी २०२१ ला, कोविडमुळे सीमा बंद असताना, कॅनडातल्या अनुभवी कामगारांसाठी एकाच दिवशी २७,३३२ निमंत्रणं निघाली आणि कटऑफ ७५ वर आला. पहिला ड्रॉ ३१ जानेवारी २०१५ चा, त्यात ७७९ जणांना निमंत्रण आणि कटऑफ ८८६. पद्धत तीच, निकालांत एवढं अंतर.

ही पद्धत आली कुठून, ते थोडं पाहिलं पाहिजे, कारण तिचा कल त्यातूनच समजतो. १९६० च्या दशकापर्यंत कॅनडात प्रवेश मिळायचा तो मुख्यतः कोणत्या देशातून आलात यावर. १९५१ च्या करारानुसार भारतातून वर्षाला १५० माणसं घ्यायची असं ठरलं होतं, पुढे १९५७ मध्ये ती संख्या ३०० झाली. १९६२ मध्ये वंशावर आधारलेली निवड नियमांतून गेली आणि १ ऑक्टोबर १९६७ पासून गुणपद्धत सुरू झाली. शंभरपैकी पन्नास मिळाले की पात्र. त्यात शिक्षणाला २० आणि इंग्रजी-फ्रेंचला मिळून फक्त १० गुण होते, तर मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या मतासाठी तब्बल १५. त्या काळात गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांना या पद्धतीने दार उघडून दिलं, हे कृतज्ञतेने नोंदवायला हवं.

पण 'पात्र ठरलेल्या प्रत्येकाला घ्यायचं' या नियमाने रांग वाढत गेली. अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिले आणि २०१२ मध्ये सरकारने कायदा करून जुन्या अर्जांचा ढीगच रद्द केला. सुमारे २,८०,००० माणसांचं भवितव्य त्यात अडकलेलं होतं. फी परत मिळाली, गेलेली वर्षं मिळाली नाहीत. त्यानंतर कॅनडाने न्यूझीलंडने आधी वापरलेली वाट धरली: आधी फक्त इच्छा नोंदवा, सगळ्यांना एका पूलमध्ये ठेवू, वरच्यांना बोलावू. १ जानेवारी २०१५ पासून हीच एक्स्प्रेस एन्ट्री. पूलमध्ये शिरण्यासाठी बाहेरच्या कुशल कामगाराला आजही शंभरपैकी ६७ ची जुनी चाळणी पार करावी लागते. त्यानंतर १२०० गुणांची दुसरी मोजणी, सीआरएस, सुरू होते. कित्येक जण या दोन आकड्यांची गल्लत करतात आणि 'माझे ७२ झालेत, म्हणजे झालं' असं समजून राजीनाम्याची भाषा करायला लागतात.

मग हातात काय आहे? माझं ठाम मत असं, की पहिलं लक्ष भाषेला द्यावं आणि बाकी सगळं नंतर. याचं कारण भावनिक नाही, गुणतक्त्यातच आहे. वरच्याच उमेदवाराला चारही कौशल्यांत एक पायरी कमी मिळाली, म्हणजे ऐकण्याला ७.५ आणि बाकीच्यांना ६.५, तर भाषेचे गुण १२४ वरून ९२ वर येतात. हे ३२ गुण दिसतात. न दिसणारा भाग असा, की पदवी आणि कॅनडाबाहेरचा, म्हणजे इथला, अनुभव यांना मिळणारे जुळणीचे गुणही भाषेच्या पातळीवर अवलंबून आहेत. तिथे १०० चे ५० होतात. अर्ध्या-अर्ध्या बँडमुळे ४६९ चे ३८७ होतात, म्हणजे ८२ गुणांचा खड्डा. पीएच.डी. करायला चार-पाच वर्षं घालवली तर एम.टेक.च्या वर मिळतात फक्त १५ गुण. लेखनात साडेसहाचे सात करायला काही महिन्यांचा प्रामाणिक सराव लागतो.

आपली मुलं बहुतेकदा लेखनातच अडकतात. इंग्रजी माध्यमात शिकलेली, ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणारी मुलं इतर तीन भागांत आठ-साडेआठ आणतात आणि लेखनात साडेसहावर येतात. ऑफिसच्या ईमेलचं इंग्रजी आणि मुद्दा मांडून, उदाहरण देऊन, दुसरी बाजू तपासून लिहिलेला निबंध या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ऐन परीक्षेत पाठ केलेली वाक्यं परीक्षक ओळखतो. इथे क्लासच्या नोट्सपेक्षा रोज एक निबंध लिहून कोणा जाणत्याकडून तो तपासून घेणं उपयोगी. आयईएलटीएस जमत नसेल तर सेल्पिप किंवा पीटीई कोअरही चालतात. संगणकासमोर बोलणं काहींना माणसासमोर बोलण्यापेक्षा सोपं जातं, काहींना उलट. एकदा सराव परीक्षा देऊन बघावी आणि मगच पैसे भरावेत. निकाल दोन वर्षंच चालतो, तोही हिशेब ठेवावा.

ज्याने इंग्रजीत सगळं मिळवलं आहे त्याच्यासाठी पुढचं दार फ्रेंचचं आहे, आणि ते आज सगळ्यात रुंद आहे. क्यूबेक आपली निवड स्वतः करतं. पण क्यूबेकबाहेरही फ्रेंच बोलणारे वाढावेत असं कॅनडाच्या सरकारचं धोरण आहे, आणि गुणांमध्ये त्याचं प्रतिबिंब दिसतं. फ्रेंचमध्ये चारही कौशल्यांत सातवी पातळी, म्हणजे साधारण बी-टू, गाठली तर ५० गुण वेगळे आणि दुसऱ्या भाषेचे १२, असे ६२ गुण वाढतात. आपला ४६९ वाला ५३१ वर जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांचे वेगळे ड्रॉ निघतात. २९ फेब्रुवारी २०२४ ला त्यांचा कटऑफ ३३६ होता, २१ मार्च २०२५ ला ७,५०० निमंत्रणं देऊन ३७९. चाळिशी गाठलेल्या, गुणांच्या शर्यतीतून जवळजवळ बाद झालेल्या माणसालाही या आकड्यांत जागा आहे.

आपल्याकडे अकरावी-बारावीला मार्क वाढवायला म्हणून फ्रेंच घेणारी कितीतरी मुलं असतात. तोंडी परीक्षेपुरती ओळखपाळख, मग भाषा विसरली जाते. ते पुस्तक रद्दीत न घालता त्यावर पुढे बांधता आलं तर खूप अंतर वाचतं. शून्यापासून बी-टू गाठायला नोकरी सांभाळून साधारण दीड वर्षाची तयारी मनात धरावी. मुंबई आणि पुण्याच्या अलियाँस फ्राँसेजमध्ये वर्ग होतात. 'तीन महिन्यांत फ्रेंच' अशा जाहिराती देणाऱ्यांकडे जाऊ नये. बोलण्याच्या परीक्षेत समोरचा प्रश्न विचारतो तेव्हा पाठांतर उघडं पडतं.

घरात दोघं असतील तर गणित वेगळं होतं, आणि आपल्या घरांची एक जुनी सवय इथे महाग पडते. कागदावर मुख्य अर्जदार नवराच, बायको 'सोबत'. तिची परीक्षा कशाला, कॅनडासाठी तिच्या पदवीचं मूल्यमापन कशाला, उगाच खर्च. एक काल्पनिक जोडपं घ्या. तो ३६ वर्षांचा, बी.ई., दहा वर्षांची नोकरी. ती ३१ वर्षांची, एम.कॉम., चार वर्षं अकाउंट्समध्ये. दोघांचंही इंग्रजी वर सांगितलेल्या वरच्या पायरीवर. तो मुख्य अर्जदार असेल तर तिचे गुण धरून ३९८. ती मुख्य असेल तर त्याचे धरून ४६०. वय आणि दुसरी पदवी यांनी बासष्ट गुणांचा फरक पाडला. आणि तो मुख्य असताना तिची परीक्षा आणि पदवीचं मूल्यमापन मुळात केलंच नसतं तर तिच्या भाषेचे २० आणि पदवीचे १० असे तीस गुण टेबलावरच राहिले असते. म्हणून दोघांनी दोन्ही बाजूंनी हिशेब मांडावा. अर्ज कुणाच्या नावाने करायचा हा मानाचा प्रश्न करू नये.

वय हा एकच घटक असा आहे की ज्याच्यावर कुणाचा इलाज नाही. एकट्याला २० ते २९ पर्यंत ११० गुण, तिसाव्या वर्षी १०५, पस्तिसाव्या वर्षी ७७, चाळिसाव्या वर्षी ५० आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. तिशीपासून चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच-सहा गुण गळतात, त्यानंतर आणखी वेगाने. 'अजून एक वर्ष अनुभव घेऊ, मग बघू' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण कॅनडाबाहेरच्या अनुभवाचे गुण तीन वर्षांना पूर्ण होतात. चौथं, पाचवं, दहावं वर्ष काहीच देत नाही, वय मात्र घेत राहतं. तयार असाल तर प्रोफाइल लवकर टाकण्याचा आणखी एक लहानसा फायदा आहे: कटऑफवर गुण सारखे असतील तर आधी प्रोफाइल दिलेल्याला आधी निमंत्रण मिळतं.

शिक्षणाच्या बाबतीत एक गोष्ट बरेच जण विसरतात. फक्त शेवटची पदवी तपासून घेतात. पदवी आणि त्याखेरीज आणखी एक मान्य अभ्यासक्रम, त्यातला एक तीन किंवा जास्त वर्षांचा, असं असेल तर एका पदवीपेक्षा गुण जास्त मिळतात. एकट्या उमेदवाराला मूळचे आठ आणि चांगल्या इंग्रजीबरोबर जुळणीचे पंचवीस. मूल्यमापन करणारी संस्था तुमचा दुसरा अभ्यासक्रम कसा धरेल ते आधी विचारून घ्यावं, मग दोन्हींचे कागद पाठवावेत.

आता तो रस्ता, ज्याबद्दल लिहिताना माझा हात थोडा थांबतो: कॅनडात शिकायला जाणं. तिथे एक-दोन वर्षं शिकल्याचे १५ गुण, वर्षभर काम केल्याचे एकट्याला ४०. आकडे चांगले दिसतात. पण जुळणीच्या गुणांना १०० ची मर्यादा आहे. इथूनच ज्याचे ते शंभर भरलेत त्याला तिथल्या अनुभवाने त्यात एकही गुण वाढत नाही. एकोणतिसाव्या वर्षी निघालेला माणूस शिकून, वर्षभर काम करून बत्तिशीत येतो तेव्हा वयाचे सोळा गुण गेलेले असतात. वरच्या ४६९ मध्ये ५५ मिळवा, १६ वजा करा: ५०८. कॅनडात काम केलेल्यांच्या २०२५ मधल्या कटऑफच्या जवळ, पण त्या सगळ्याच ड्रॉंच्या खाली. यासाठी घर गहाण ठेवायचं का? २०२४ च्या जानेवारीपासून कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम एकट्याला २०,६३५ डॉलर केली आणि नोव्हेंबरमध्ये शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याला विषयाची अट जोडली. शिकण्यासाठी जायचं असेल तर जरूर जावं. पण केवळ गुणांसाठी कर्ज काढून जाणाऱ्या मुलांकडे पाहून पोटात कालवतं, आणि त्यांच्या आईवडिलांना हे आधी कुणी स्पष्ट सांगितलेलं नसतं याची चीड येते.

प्रांतांच्या नामांकनाचे एकदम ६०० गुण मिळतात, आणि मग निमंत्रण जवळपास नक्की होतं. मात्र केंद्र सरकार या वाटेने किती लोक घ्यायचे हे दरवर्षी ठरवतं. २०२४ साठी १,१०,००० चं उद्दिष्ट होतं, २०२५ ला ते ५५,००० वर आणलं, २०२६ साठी पुन्हा ९१,५०० केलं. जो प्रांत तुमचा व्यवसाय मागतो आहे त्याच्या नियमांवर नजर ठेवावी, पण सगळी मदार त्यावर ठेवू नये. व्यवसायांच्या याद्यांचंही तेच. २०२३ पासून आरोग्यसेवा, विज्ञान-तंत्रज्ञान, बांधकामातली कुशल कामं अशा गटांचे वेगळे ड्रॉ सुरू झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत शिक्षणाचा गट आला, वाहतुकीचा गेला आणि तंत्रज्ञानाच्या यादीतून सॉफ्टवेअर इंजिनिअर वगळले गेले. हिंजवडीत बसून २०२३ ची यादी पाहून आखलेले बेत त्या दिवशी निकामी झाले. याउलट बालवाडी शिक्षिका, परिचारिका, सुतार, वेल्डर यांच्याकडे या पद्धतीने पहिल्यांदाच नीट पाहिलं. गुण मिळाले म्हणजे काम करण्याचा परवाना मिळाला असं मात्र नाही. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांना प्रांताच्या नियामक मंडळाकडे वेगळी लढाई लढावी लागते, ती इथूनच सुरू करावी.

नोकरीच्या प्रस्तावाचे ५० किंवा २०० गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. हे चांगलं झालं. त्या गुणांच्या नावावर खोट्या नोकऱ्या लाखो रुपयांना विकल्या जात होत्या.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण हातात आलेलं निमंत्रण तिथेच निसटतं. निमंत्रण आल्यावर ६० दिवस मिळतात. अनुभवाचं पत्र हा सगळ्यात मोठा अडथळा. आपल्या कंपन्यांचे एचआर विभाग 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कार्यरत होते, वर्तणूक चांगली' एवढंच छापील पत्र देतात. कॅनडाला त्यात पद, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार असं सगळं लागतं. हे पत्र नोकरी सोडण्याआधीच, नातं चांगलं असताना मागून ठेवावं. मिळालंच नाही तर वरिष्ठांचं पत्र, वेतनचिठ्ठ्या, फॉर्म १६, नेमणूकपत्र आणि का मिळालं नाही याचा खुलासा असं सगळं एकत्र जोडावं. अर्जात आपल्या व्यवसायाचा कोड निवडताना पदाचं नाव बघू नये, केलेलं काम बघावं. 'मॅनेजर' हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो.

नावांचा घोळ तर खास आपला. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर वेगळा क्रम. लग्नानंतर बदललेलं नाव बँकेत एक, पदवीवर दुसरं. विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद, प्रतिज्ञापत्र हे आधी गोळा करावं, म्हणजे मूल्यमापन संस्था आणि विद्यापीठ यांच्यात पत्रांच्या फेऱ्या होत नाहीत. पैशाचंही तसंच: २०२५ च्या जुलैपासून एकट्याला १५,२६३ डॉलर दाखवावे लागतात आणि बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लागते. मामाकडून आठवड्यासाठी आणलेले पैसे तिथे उघडे पडतात.

खोटं मात्र काहीही लिहू नये. एका बनावट पत्राने पाच वर्षांची बंदी येते, आणि 'एजंटने भरलं होतं' हे उत्तर चालत नाही. सही तुमची असते. फी घेऊन सल्ला देणारा कॅनडाच्या स्थलांतर-सल्लागारांच्या नियामक मंडळाचा परवानाधारक आहे का, ते त्यांच्या यादीत नाव शोधून पाच मिनिटांत कळतं. 'पीआरची गॅरंटी' देणाऱ्याच्या ऑफिसातून लगेच उठावं.

कॅनडाकडेच डोळे लावून बसण्याचं कारण नाही. जर्मनीचं संधी-कार्ड जून २०२४ पासून सुरू झालं. त्यात सहा गुण पुरतात, पण ते नोकरी शोधण्यासाठी दिलेलं वर्ष आहे, कायमचं वास्तव्य नव्हे. ऑस्ट्रेलियात किमान ६५ गुणांची अट आहे, प्रत्यक्षात लागतात त्याहून जास्त. २५ ते ३२ या वयाला तिथे सगळ्यात जास्त, ३० गुण. आणि त्या तक्त्यात एक ओळ अशी आहे की ती वाचून मला फार बरं वाटलं: नाटी या संस्थेची समाजभाषेची परीक्षा पास झालात तर पाच गुण, आणि त्या भाषांमध्ये मराठी आहे.

परीक्षा ऑनलाइन होते. दोन संवाद ऐकवतात, प्रत्येकी सुमारे तीनशे शब्दांचे. एक माणूस इंग्रजी बोलतो, दुसरा मराठी, आणि मध्ये बसून तुम्ही इकडचं तिकडे पोचवायचं. दवाखाना, बँक, घरभाडं, शाळा असे विषय. ९० पैकी ६३ हवेत आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. घरात मराठी बोलतो म्हणून हे सोपं जाईल असं वाटतं, पण मूत्रपिंड, गहाणखत, अनामत रक्कम, लसीकरण, विमा हप्ता हे शब्द इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या जिभेवर ऐन वेळी येत नाहीत. आजीने डॉक्टरकडे जाताना सोबत यायला सांगितलं तर नाही म्हणू नये. तिथे ती काय सांगते आणि डॉक्टर काय सांगतो, हे दोघांना एकमेकांच्या भाषेत समजावणं, हाच त्या परीक्षेचा सराव आहे. बँकेचा फॉर्म मराठीतून वाचावा, वर्तमानपत्रातली आरोग्याची आणि कर्जाची पानं रोज मोठ्याने वाचावीत, आणि अडलेला शब्द वहीत लिहून ठेवावा.